तांदळाच्या दाण्याएवढ्या डावखुऱ्या शंखाचे नाव : मॉलस्काबेसचे परीक्षण

मॉलस्काबेस ही मृदुकाय प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची जागतिक नोंदवही आहे. ती इंटरनेटवर विनामूल्य खुली आहे, आणि किनाऱ्यावर सापडणाऱ्या बारीक शंखांची ओळख ज्यांना गंभीरपणे पटवायची आहे त्यांना तिच्यावाचून पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही नवख्या माणसाने ती उघडली की त्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक असते, कारण जो प्रश्न घेऊन तो तिथे जातो तो प्रश्न ही नोंदवही सोडवतच नाही. हातातला शंख कोणत्या जातीचा आहे हे ती सांगत नाही. एखादे नाव कोणी दिले, केव्हा दिले, कोणत्या वंशात दिले आणि आज ते ग्राह्य धरले जाते की नाही, हे ती सांगते. हा फरक ज्याने आधी समजून घेतला त्याला तिचा उपयोग किती होतो, हेच मला येथे सांगायचे आहे.

ही नोंदवही ‘वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज’ म्हणजेच ‘वर्म्स’ या मोठ्या व्यवस्थेशी जोडलेली आहे. दोन्हींची माहिती ‘आफिया’ नावाच्या एकाच संगणकीय साठ्यात राहते आणि तो साठा बेल्जियममधील ओस्टेंड येथील फ्लँडर्स मरीन इन्स्टिट्यूट सांभाळते. वर्म्समध्ये सागरी जीवांची नावे असतात, तर मॉलस्काबेसमध्ये समुद्रातील शंख-शिंपल्यांबरोबर गोड्या पाण्यातील व जमिनीवरील गोगलगायी आणि जीवाश्म यांचीही नोंद असते. प्रत्येक गटाच्या नोंदी त्या गटाचे अभ्यासक तपासतात. पाने पाहण्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि जाहिरातींचा त्रास नाही.

परीक्षणासाठी मी मुद्दाम अवघड गट निवडला : ट्रायफोरिडी हे कुल. उष्ण कटिबंधातील समुद्रांत या कुलातील जाती विपुल आहेत, त्यांचे बहुतेक शंख काही मिलिमीटर लांबीचे, उंच, निमुळते आणि दाणेदार असतात, आणि त्यांतील बहुसंख्य डावखुरे असतात. कोकणातल्या पुळणीवर भरतीच्या रेषेपाशी शिंपल्यांचा जो बारीक चुरा साठतो, तो मूठभर घरी आणून साध्या पाण्याने धुऊन वाळवला आणि भिंगाखाली पसरला, तर असे शंख मिळू शकतात. माझ्यासमोरचे नमुने रत्नागिरी जिल्ह्यातील अशाच चुऱ्यातले आहेत. चुऱ्यातले सगळेच शंख रिकामे असतात असे मात्र नाही. काहींत इवले संन्यासी खेकडे राहत असतात, म्हणून जागेवरच नीट पाहून जिवंत काही असेल ते पाण्यात सोडून द्यावे.

नोंदवही उघडण्यापूर्वीचे काम शंखाशी आहे आणि त्याला घाई चालत नाही. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरावे. तोंड आपल्या डाव्या हाताला आले तर शंख डावखुरा. पूजेतील दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख या पद्धतीने पाहिल्यास डावखुराच ठरतो, तेव्हा त्या परिचित शब्दाच्या आधाराने दिशा ठरवू नये. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र कधी कधी आरशातल्यासारखे उलटे साठवले जाते, त्यामुळे दिशेचा निर्णय छायाचित्रावरून न करता प्रत्यक्ष शंखावरूनच करावा. ही एक खूण शेकडो शक्यता एका फटक्यात बाजूला करते, कारण समुद्री गोगलगायींचे बहुतेक शंख उजवे असतात. अगदी तसाच उंच, दाणेदार, पण उजवीकडे तोंड असलेला बारीक शंख मिळाला तर आधी सेरिथिओप्सिडी या कुलाकडे वळावे. दोन्ही कुलांतील प्राणी स्पंजांवर जगतात आणि त्यांचे शंखही विलक्षण सारखे दिसतात. ट्रायफोरिडीतही उजव्या वळणाचा एक छोटा गट आहे, हे लक्षात ठेवावे.

त्यानंतर तोंड पाहावे. पूर्ण वाढलेल्या ट्रायफोरिड शंखात मुख्य तोंडाशिवाय खालच्या बाजूला नळीसारखी, अनेकदा जवळपास बंद झालेली वाट असते आणि वरच्या बाजूला खाच किंवा दुसरी छोटी नळी असते. कोवळ्या शंखात यांपैकी काहीच पुरते तयार झालेले नसते, म्हणून तोंडाची कड पातळ आणि तुटलेली असेल तर या खुणेवर भर देऊ नये. मग वेढ्यांवरच्या दाण्यांच्या ओळी मोजाव्यात. वरच्या वेढ्यांवर अनेकदा दोनच ओळी असतात आणि पुढे कुठल्या तरी वेढ्यावर त्यांच्यामध्ये तिसरी ओळ बारीक दोऱ्यासारखी उगवते. ती कितव्या वेढ्यावर उगवते आणि किती लवकर बाकीच्या ओळींच्या जाडीची होते, ही जाती वेगळ्या करण्याची फार मोलाची खूण आहे. रंगही उपयोगी पडतो, पण चुऱ्यातला शंख उन्हाने आणि वाळूच्या घर्षणाने विटलेला असतो, म्हणून रंगाला शेवटचे स्थान द्यावे.

सर्वांत महत्त्वाची खूण मात्र शंखाच्या अगदी टोकावर असते. गोगलगाय अळीच्या अवस्थेत असताना जो पहिला इवला शंख घडतो तो पुढे मोठ्या शंखाच्या शिखरावर तसाच राहतो. त्याला प्रोटोकाँच म्हणतात. त्याचे वेढे पुष्कळ आणि अरुंद असतील तर अळी दीर्घकाळ पाण्यात तरंगत, सूक्ष्म जीव खात वाढली असे मानतात; वेढे थोडे आणि टोक फुगीर असेल तर तिने अंड्यातल्या साठ्यावरच वाढ पुरी केली असे समजतात. मोठ्या शंखावर अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन जाती केवळ या टोकामुळे वेगळ्या ओळखता येतात. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून दाण्यांच्या ओळी आणि वळणाची दिशा दिसते, पण प्रोटोकाँचवरचे आडवे दोरे आणि उभे कणे (उंचवट्याच्या रेघा) पाहायला तीस-चाळीस पटींचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तज्ज्ञ तर त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरतात. टोक मोडलेले असेल तर जातीपर्यंत जाण्याचा हट्ट सोडून द्यावा, हे मी आग्रहाने सांगेन. चुकीचे पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा ‘ट्रायफोरिडी, जात अनिश्चित’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी कितीतरी अधिक उपयोगी असते.

एवढे टिपण हाती आल्यावर मॉलस्काबेस खऱ्या अर्थाने कामाला येते. कुलाच्या पानावर गेले की त्याखालील वंशांची यादी उघडते, वंशावर गेले की जातींची, आणि प्रत्येक जातीच्या पानावर तिचा कायमचा क्रमांक, वर्गीकरण, ग्राह्यता, मूळ नाव, प्रथम वर्णनाचा तपशील आणि समानार्थी नावे दिलेली असतात. एक उदाहरण घेऊ. ज्या डावखुऱ्या शंखावर सुटे दाणे नसून सलग कणे गुंडाळलेले दिसतात, त्याच्यासाठी विरिओला हा वंश पाहावा लागतो. त्यातील विरिओला कॉरुगाटा या नावापुढे ‘हाइन्ड्स, १८४३’ असे कंसात लिहिलेले असते. कंसाचा अर्थ असा की हाइन्ड्स यांनी ही जात दुसऱ्या वंशात ठेवली होती आणि नंतर ती हलवली गेली. विरिओला हा वंश मुळात झूसोम यांनी १८८४ मध्ये निर्माण केला, म्हणजे वर्णनाच्या वेळी तो अस्तित्वातच नव्हता. एवढ्या एका ओळीवरून वाचकाला कळते की जुन्या ग्रंथांत ही जात विरिओला या नावाखाली शोधून सापडणार नाही, ती ट्रायफोरिस या नावाखाली पाहावी लागेल.

शोधाची चौकट वापरताना एक काळजी घ्यावी. शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचे शेपूट वंशाच्या व्याकरणी लिंगाप्रमाणे बदलते, त्यामुळे जुन्या पुस्तकातले ‘कॉरुगाटस’ नव्या वंशात ‘कॉरुगाटा’ होते. संपूर्ण शब्द टाइप केला तर नोंद हुकू शकते. शब्दाचा पहिला भाग देऊन ‘ने सुरू होणारे’ हा पर्याय निवडला तर ती सापडते. जुने नाव टाकले तरी हरकत नसते, कारण अग्राह्य नावाचेही स्वतंत्र पान असते आणि तेथून आजच्या ग्राह्य नावाकडे जाता येते. माझ्या मते हीच या सेवेची सर्वांत मोठी देणगी आहे. ट्रायफोरिडांची नावे गेल्या दोन शतकांत इतक्या वेळा एका वंशातून दुसऱ्यात गेली आहेत की ही साखळी कोणी एकत्र गुंफली नसती, तर हौशी अभ्यासकाला ती स्वतः जुळवणे अशक्य होते.

दुसरी देणगी म्हणजे प्रथम वर्णनापर्यंत पोहोचवणारे दुवे. अनेक पानांवर मूळ लेखाचा पूर्ण संदर्भ असतो आणि तो लेख ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या जुन्या निसर्गविषयक ग्रंथांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात उपलब्ध असेल तर थेट त्या पानाचा दुवाही असतो. आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने याचे महत्त्व फार आहे. १८९३ मध्ये जेम्स कॉस्मो मेल्विल यांनी मुंबईतील शंखांच्या २५ नव्या जातींची वर्णने मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हे शंख अलेक्झांडर अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी मुंबईत गोळा केले होते, आणि त्याच वर्षी त्या दोघांनी मुंबईच्या सागरी मृदुकायांची यादीही छापली. लाटाक्सिएना बॉम्बेयाना या शंखाच्या नावात मुंबई आजही आहे. एके काळी असे लेख वाचायचे तर मोठ्या ग्रंथालयांची दारे ठोठवावी लागत. आज रत्नागिरी, मालवण किंवा मडगावात बसलेला विद्यार्थी नोंदवहीतून ‘मेल्विल, १८९३’ या नावामागे जाऊन मूळ लॅटिन-इंग्रजी वर्णन वाचू शकतो आणि आपल्या भिंगाखालच्या शंखाशी ओळीने ओळ ताडून पाहू शकतो. ज्या शंखांचे वर्णन आपल्याच किनाऱ्यावरून झाले त्यांचे दस्तऐवज आपल्यापर्यंत असे परत पोहोचावेत, ही मला अत्यंत आनंदाची गोष्ट वाटते.

आता उणिवा. बारीक शंखांच्या पानांवर छायाचित्रे फारच थोडी आहेत. अनेक ट्रायफोरिड जातींच्या पानावर नाव आणि संदर्भ यांपलीकडे काही नसते. ज्याला डोळ्यांनी ताडून पाहायचे आहे त्याला दुसरीकडे जावेच लागते. पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाने आपल्याकडील टाइप नमुन्यांची, म्हणजे ज्या शंखांवर नाव आधारलेले आहे त्या मूळ शंखांची, छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर खुली केली आहेत. नोंदवहीतून नाव पक्के करून मग तिथे पाहणे हा मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो. उलट दिशेने, म्हणजे कुठल्याही विक्रेत्याच्या छायाचित्रावरून नाव उचलून नोंदवहीत ते ‘ग्राह्य’ दिसले म्हणून समाधान मानणे, हा घातक प्रकार आहे. नाव ग्राह्य असण्याचा आणि त्या छायाचित्रातला शंख त्या जातीचा असण्याचा काहीही संबंध नाही.

प्रसाराची माहितीही जपून वापरावी. पानावर दिलेले प्रदेश प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरून घेतलेले असतात, त्यामुळे एखाद्या जातीपुढे भारताचा उल्लेख नाही म्हणून ती कोकणात नसेलच असे ठरत नाही. इथे कोणी पाहिले नसेल, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. प्रगत शोधात प्रदेशानुसार यादी गाळता येते, पण बारीक शंखांच्या बाबतीत मी ती चाळणी लावण्याच्या विरुद्ध आहे, कारण नेमकी हवी ती जात तिच्यातून निसटू शकते. ‘टॅक्सॉन इन्क्विरेन्डम’ असा शेरा असलेली नावेही पुष्कळ आहेत. ज्याची ओळख अजून तपासायची आहे असे ते नाव असते, आणि ते आपल्या शंखाला चिकटवू नये.

या अडचणी केवळ संकेतस्थळाच्या नाहीत, विषयाच्याही आहेत. दक्षिण प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनियाच्या पश्चिम किनाऱ्यावर २९५ चौरस किलोमीटरच्या एका क्षेत्रात ४२ ठिकाणी, एकूण ४०० मनुष्यदिवस खर्चून केलेल्या पाहणीत मृदुकायांच्या २,७३८ जाती आढळल्या. त्यांतील २० टक्के जातींचा एकेकच नमुना मिळाला आणि ३२ टक्के जाती एकाच ठिकाणी सापडल्या. उष्ण कटिबंधातील समुद्रात इतकी विविधता आणि इतकी दुर्मीळता एकत्र नांदत असताना, प्रत्येक जातीचे छायाचित्र कोणत्याही पुस्तकात किंवा संकेतस्थळावर मिळावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. कोकण किनाऱ्याच्या बारीक शंखांकडे इतक्या चिकाटीने पाहिले गेले तर काय हाती लागेल, याचा विचार हा आकडा वाचताना मनात येतोच.

छायाचित्रावरून नाव सुचवणाऱ्या आयनॅचरलिस्टसारख्या सेवेशी तुलना होणे स्वाभाविक आहे. मोठ्या, रंगीत, वारंवार टिपल्या जाणाऱ्या शंखांसाठी ती सेवा उत्तम आहे आणि तेथील जाणकार मंडळी मनापासून मदत करतात. परंतु संगणकाने दिलेली सूचना आधी जमलेल्या छायाचित्रांवर अवलंबून असते, आणि ज्यांची छायाचित्रेच कमी आहेत त्या बारीक जाती तिच्या आवाक्याबाहेर राहतात. शिवाय नुसत्या मोबाइलने काढलेल्या चित्रात प्रोटोकाँच दिसत नाही. कुल किंवा वंश सुचवून घेण्यापुरता तिचा उपयोग करावा, मिलिमीटरच्या आलेख-कागदावर शंख ठेवून तोंडाकडून, पाठीकडून आणि टोकाचे असे वेगवेगळे फोटो चढवावेत, आणि नावाचा निर्णय मात्र खुणा व मूळ वर्णन यांवर सोपवावा.

भाषेचा प्रश्न उरतो. संपूर्ण नोंदवही इंग्रजीत आहे, संज्ञा लॅटिन वळणाच्या आहेत, आणि शालेय विद्यार्थ्याला ती एकट्याने वापरता येईल असे मला वाटत नाही. महाविद्यालयीन प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र थोड्याशा मार्गदर्शनानंतर ती सहज जमावी, आणि किनाऱ्यावरील महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकात तिचा समावेश करावा असे मी सुचवीन. लांब समानार्थी याद्या मोबाइलच्या पडद्यावर वाचणे कष्टाचे आहे. शक्य असेल तर मोठा पडदा वापरावा. ज्यांना केवळ घरातल्या काचेच्या बरणीतल्या शंखांची नावे हवी आहेत त्यांना ही सेवा कोरडी वाटेल, आणि त्यांच्यासाठी चांगले सचित्र पुस्तकच योग्य आहे. ज्यांना आपल्या किनाऱ्याची विश्वासार्ह यादी करायची आहे, जुन्या संग्रहाच्या चिठ्ठ्या दुरुस्त करायच्या आहेत किंवा शोधनिबंध लिहायचा आहे, त्यांनी ती आजच शिकायला घ्यावी.

माझ्या नमुन्यांचा निकाल असा : सलग कण्यांचे शंख विरिओला या वंशापर्यंत गेले, पण टोके झिजलेली असल्यामुळे त्यांपुढे जातीचे नाव मी लिहिलेले नाही, दाणेदार शंखांपैकी ज्यांचे शिखर शाबूत आहे ते पुढील तपासणीसाठी वेगळे ठेवले आहेत. ज्यांच्याकडे असे शाबूत नमुने असतील त्यांनी पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे किंवा आपल्या विद्यापीठातील प्राणिशास्त्र विभागाकडे विचारणा करावी. प्रत्येक शंख स्वतंत्र काचेच्या नळीत ठेवावा आणि आतल्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, शंख चुऱ्यातला की खडकावरचा, मोजलेली लांबी, आणि नोंदवही कोणत्या तारखेला पाहिली हे लिहावे. या नोंदवहीतील नावे सतत तपासली व बदलली जातात, त्यामुळे ती शेवटची तारीख नसेल तर पाच वर्षांनी तीच चिठ्ठी वाचणाऱ्याला आपण कोणत्या अर्थाने ते नाव लिहिले होते हे कळणार नाही.